हौसाबाई उर्फ सुमन: एका पार्ट टू ऑर्डरची गोष्ट

आप्पा ११ फेब्रुवारी २०२३ ला गेले. चार दिवसांनी, १५ तारखेला, सकाळी सातच्या आतच त्यांचा मोबाईल वाजायला लागला. पहिला फोन कोरेगावचा, दुसरा खटावकडचा, तिसरा पार धारवाडचा. १५ फेब्रुवारी म्हणजे सिग्नल कोअरचा, फौजेत निरोप पोचवणाऱ्या दलाचा, स्थापना दिवस. जुने सिग्नलवाले त्या दिवशी एकमेकांना फोन करतात. बोलणं अर्ध्या मिनिटाचं, कोअरच्या ब्रीदवाक्यानं सुरू होणारं. "तीव्र चौकस!" "तीव्र चौकस! तब्येत?" झालं. त्या सकाळी मी फोन उचलत होते आणि बातमी सांगत होते. तिसरे काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ताई, वहिनींच्या नावाचा पार्ट टू पडलाय का, तेवढं आधी बघून घे."

सुतकात हे काय विचारणं, असं मला वाटलं. पण सगळं घोडं अडलं ते नेमकं तिथंच.

ज्यांच्या घरी फौजेतलं कुणी नाही त्यांच्यासाठी सांगते. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, नाव बदललं, बढती मिळाली, तर ते युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये यावं लागतं. तिथं आलं तरच ते घडलं. आमच्या आईचं लग्न मे १९७९ मध्ये घडलं होतं, पण फौजेच्या लेखी ते वेगळ्याच बाईशी घडलं होतं.

आईचं माहेरचं नाव हौसा. लग्नात ताटलीत तांदूळ पसरून आप्पांनी अंगठीनं नवीन नाव लिहिलं, सुमन. सुट्टी संपल्यावर ते परत गेले. युनिटच्या बाबूनं विचारलं, बायकोचं नाव काय? सुमन हे नाव अजून त्यांच्या तोंडात बसलंच नव्हतं. लग्नपत्रिकेत होतं तेच त्यांनी सांगितलं, हौसाबाई. ते किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या नातेवाइकांच्या नोंदीत गेलं, तिथून १९९४ ला निवृत्तीच्या वेळी पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर गेलं. इकडं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आधार, बँक, सगळीकडं सुमन. आप्पा जिवंत असताना या दोन बायकांची गाठ कधी पडलीच नाही, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून आठवड्याभरात मिळाला. दहा प्रती घ्या. मी तीन घेतल्या होत्या आणि पुन्हा दोनदा जावं लागलं. २१ फेब्रुवारीला बँकेत गेले. तिथं कळलं की आप्पांची पेन्शन आता बँकेच्या हातात नाही, 'स्पर्श'वर गेली आहे. स्पर्श म्हणजे संरक्षण खात्याची पेन्शनसाठीची ऑनलाइन व्यवस्था. जुने पेन्शनर हळूहळू तिच्यावर आणले गेले. बँकेतल्या मुलीनं एक गोष्ट मात्र मोलाची सांगितली. मृत्यूची खबर लगेच द्या, उशीर झाला तर जास्तीची पेन्शन खात्यात येत राहते आणि मागून एकदम वसूल होते. म्हणून खात्यातल्या पैशाला हात लावू नका. आम्ही लावला नाही. आईनं पासबुक देवाजवळ ठेवून दिलं.

खबर ऑनलाइन दिली. फॅमिली पेन्शनसाठी आईचं आधार जोडलं आणि पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. नाव जुळत नाही. जन्मतारीखही जुळत नाही. आधारवर १ जून १९६० (आमच्या गावात निम्म्या बायका १ जूनलाच जन्मल्या आहेत), पीपीओवर साल १९५८.

मार्चच्या शेवटी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. तिथल्या कल्याण संघटकांनी आप्पांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक मागितलं, पानं उलटली आणि एका पाठकोऱ्या कागदावर यादी लिहून दिली: प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात (एक मराठी, एक इंग्रजी), दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला, आधार, पॅन, शाळेचा दाखला असल्यास तो, आप्पांसोबतचा जुना फोटो, डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या साक्षांकित प्रती. "हे सगळं जबलपूरला जाणार," ते म्हणाले. "सिग्नल रेकॉर्ड्स. तिथं पार्ट टू पडला की मग प्रयागराजहून पीपीओची दुरुस्ती." पीपीओ निघतो तो प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन या संरक्षण खात्याच्या हिशेब कार्यालयातून, आणि जवानाचा कागद राहतो त्याच्या कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात. ही दोन ठिकाणं वेगळी आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. अनेकजण प्रयागराजला पत्रं पाठवत बसतात. आधी रेकॉर्ड ऑफिस.

डिस्चार्ज बुक मी त्या दिवशी एसटीत पहिल्यांदा नीट वाचलं. चाळिशी उलटली, आप्पा फौजेत होते एवढंच माहीत. गावात ते 'मेजर'. आमच्याकडं हवालदार निवृत्त झाला की त्याला मेजरच म्हणतात. पारावर कुणी विचारलं, "मेजर, किती मारले?" तर आप्पा म्हणायचे, "मी फक्त फोन जोडले." लोक हसायचे. पुस्तकात ट्रेडच्या रकान्यात लिहिलं होतं, लाईनमन. युनिटच्या रकान्यात सिग्नल रेजिमेंटांची नावं, त्यातल्या दोन डोंगराळ भागातल्या डिव्हिजनच्या.

मग मी त्यांच्या मित्रांना फोन करून विचारायला लागले. इतकी वर्षं घरात बसलेला माणूस मला आता परक्यांकडून कळत होता. प्रत्येक डिव्हिजनची स्वतःची सिग्नल रेजिमेंट असते आणि ब्रिगेडच्या मुख्यालयाजवळ सिग्नलची कंपनी. पायदळाच्या पलटणीकडं तिचे स्वतःचे सिग्नलवाले असतात, पण पलटणीपासून वर ब्रिगेडला, ब्रिगेडपासून डिव्हिजनला जी बात जाते, ती या लोकांच्या जिवावर. रेडिओ असतो, डाक घेऊन मोटारसायकलवर पळणारे डिस्पॅच रायडर असतात, आणि तार असते. रेडिओवर बोललेलं शत्रूही ऐकू शकतो, म्हणून तार. पाठीवर केबलचं रीळ बांधायचं आणि चालायचं. एक जण रीळ सोडत जातो, मागचा टोकाला आकडा असलेल्या काठीनं तार बाजूला सारून झाडाझुडपात, दगडांच्या आड बसवत जातो, म्हणजे गाडीखाली येणार नाही. तार तुटली की दोघांनी निघायचं. रात्र असो, पाऊस असो. टॉर्च लावायची नाही. तार मुठीत धरून चालत राहायचं. हाताला सैल लागली की जवळच कुठंतरी तुटलेलं टोक आहे.

आप्पांना शिकवणाऱ्या उस्तादांपैकी काहीजण १९६२ पाहिलेले होते. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नामका चूवर चिनी तोफा सुरू झाल्या आणि पहिल्या माऱ्यातच टेलिफोनच्या तारा तुटल्या. ब्रिगेडला कळेना पुढच्या पलटणींचं काय झालं, पलटणींना कळेना पुढं काय करायचं. धारवाडचे काका म्हणाले, "ट्रेनिंगला आम्हाला हीच गोष्ट सांगायचे. गाठ ढिली मारलीस तर काय होतं, ते ऐक म्हणायचे."

गाठ. केबलची दोन टोकं जोडताना आधी चौकोनी गाठ मारायची, मग वरचं वेष्टण सोलून तांब्याची-पोलादाची तारं एकमेकांत पिळायची, वरून टेप. ताण आला तर गाठीवर येतो, जोडावर नाही. आमच्या घरी कपडे वाळत घालायची तार, मोटारीची वायर, म्हशीचं दावं, सगळीकडं हीच गाठ होती. परसातली तार आजही तीच आहे. आई म्हणते, "त्यांनी मारलेली हाय, सुटायची न्हाई." पुढं कोअरमध्ये तारेचं काम कमी होत गेलं, ऐंशीच्या दशकात आरेन नावाचं रेडिओचं जाळं आलं, नंतर केबलही काचेच्या तंतूंची झाली. आप्पा निवृत्त होईपर्यंत त्यांच्या काठीला मोल राहिलं नव्हतं, असं ते एकदा म्हणाले होते. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

तर कागदांकडं येते. प्रतिज्ञापत्र मी तहसीलच्या सेतूत करून घेतलं, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढचं. १०० रुपयांचा स्टॅम्प, लिहिणावळ धरून ४५०. वर्तमानपत्रांच्या दोन जाहिराती मिळून २,६००. जाहिरातीची अख्खी पानं जपून ठेवा, कात्रण चालत नाही. तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव दिसलं पाहिजे. ग्रामपंचायतीचा दाखला फुकट, पण ग्रामसेवक भेटायला तीन चकरा. १८ एप्रिलला सगळं स्पीड पोस्टानं जबलपूरला गेलं.

मे गेला, जून गेला. जुलैच्या ६ तारखेला उत्तर आलं. दोन आक्षेप होते. प्रतिज्ञापत्र प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचं हवं, आणि त्यात नावाबरोबर जन्मतारखेचाही उल्लेख हवा. चूक माझीच होती. संघटकांनी दिलेल्या कागदावर 'प्र. व.' असं लिहिलेलं होतं, आणि मी ते 'प्रत व.' असं काहीतरी वाचून सोडून दिलं होतं. समजलं नाही तर विचारा. मी शिक्षिका आहे, वर्गात हे रोज सांगते.

तालुक्याच्या कोर्टात नवं प्रतिज्ञापत्र करायला दोन दिवस आणि ९०० रुपये. वकील ओळखीचे होते, त्यांनी फी घेतली नाही. कागद पुन्हा गेले. या काळात घर कसं चाललं ते लिहिते, कारण हेच कुणी लिहीत नाही. आईला औषधांना महिन्याला दोन हजार लागतात. भावाचा पगार महिनाअखेरीला संपतो. मी पैसे द्यायचे, आई घ्यायची नाही. "लेकीचं कसं घेऊ?" मग मी औषधं घेऊन जायला लागले, त्याला ती नाही म्हणू शकली नाही. पेन्शनर गेल्यावर सहा-आठ महिने काहीच येणार नाही असं धरून चाला. लवकर आलं तर आनंदच.

सप्टेंबरच्या शेवटी मी ठरवलं, प्रत्यक्ष जायचं. आईला घेऊन. "मला कशाला? माजं काय काम तितं?" म्हटलं, काम तुझंच आहे.

८ ऑक्टोबरच्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर कल्याणहून महानगरी एक्सप्रेस धरली. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना जबलपूर. आईनं चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाची ढेप घेतली होती. ढेप कशाला विचारलं तर म्हणाली, "कागद करून देणाऱ्याला." तिला समजावताना भुसावळ आलं.

१० तारखेला सकाळी साडेआठला गेटवर. आधार मूळ, डिस्चार्ज बुक मूळ, पीपीओ, मृत्यूचा दाखला, सगळं एका फाईलीत क्रमानं लावून न्या. मोबाईल जमा करावा लागला, म्हणून महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून ठेवा. आप्पांचा आर्मी नंबर मला पाठ नव्हता, आईला होता. इंग्रजीत, अक्षरासकट. पत्रांवर पंधरा वर्षं तोच लिहिला होता तिनं.

बाकावर आमच्याशेजारी कानपूरकडचे एक निवृत्त सुभेदार साहेब बसले होते, वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या नातवाच्या अपंगत्वाचं काहीतरी काम होतं. ते डिस्पॅच रायडर. "आपके पिताजी किस ट्रेड में थे?" लाईनमन म्हटल्यावर हसले. "फिर तो पैदल ही दुनिया देखी होगी." मग त्यांनी माझी परीक्षाच घेतली. कोअर कधी उभी राहिली? मी म्हटलं, १५ फेब्रुवारी १९११. कुठं? फतेहगड. पहिल्या दोन कंपन्या? ३१ आणि ३२ डिव्हिजनल सिग्नल कंपनी. सुभेदार साहेबांनी आईकडं बघून सलाम केला. हे मला लहानपणी पाढ्यांबरोबर पाठ करून घेतलं होतं. आम्हा भावंडांना वाटायचं सगळ्यांच्याच घरी करून घेतात. १९११ च्या आधी तारायंत्राचं काम सॅपर्स अँड मायनर्सकडं, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअरांकडं असायचं. पहिल्या कंपन्यांकडं झेंडे होते, दिवे होते, आणि आरशानं ऊन पाडून निरोप द्यायचा हेलिओग्राफ. ऊन नसलं की निरोप नाही. सुभेदार साहेब त्यांच्या मोटारसायकलींबद्दल भरभरून बोलले. २६ जानेवारीला कर्तव्यपथावर (पूर्वीच्या राजपथावर) मोटारसायकलींचे मनोरे करणारे डेअरडेव्हिल्स आपण टीव्हीवर बघतो, ते सिग्नलचेच, १९३५ पासूनचे. "वो तो तमाशा है," साहेब म्हणाले, "असली काम रात को बिना बत्ती के चलाना है."

कोअरचं संग्रहालय जबलपूरलाच आहे. आम्हाला जाता आलं नाही, राहून गेलं.

साडेअकराला आत बोलावलं. टेबलामागं एक हवालदार क्लार्क, तरुण, बहुतेक माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. त्यानं आईला विचारलं, "माताजी, आपका नाम?"

आई माझ्याकडं बघून म्हणाली, "कोन्तं सांगू?"

मी ते हिंदीत सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "दोनों बताइए, माताजी. दोनों ही चाहिए."

मग त्यानं आतून आप्पांचा शीट रोल, म्हणजे भरतीपासूनच्या नोंदींचा कागद मागवला. जाड, पिवळट कागद, घडीवर चिरलेला. आप्पांची भरती १९७४. उंची, छाती, ओळखीची खूण: डाव्या भुवईवर जखमेचा व्रण. आई पुढं वाकली. "म्हशीनं शिंग मारलेलं. धाव्वीत हुते तवा." खाली आप्पांची सही होती. अठरा वर्षांच्या पोराची, मराठीत, रफार जरा जास्तच मोठा. आम्ही त्यांची सही पाहिली ती थरथरती, बँकेच्या फॉर्मवरची. वारसाच्या रकान्यात आधी आजोबांचं नाव होतं. ते लाल शाईनं खोडून त्यावर टाईप केलेलं हौसाबाई. एक अक्षर ओळीच्या खाली उतरलेलं.

आईनं त्या नावावर बोट ठेवलं. तिथं हात लावू देतात की नाही, कुणास ठाऊक. हवालदार काही बोलला नाही.

त्यानं फाईल तपासली, आम्ही दोनदा पाठवलेले कागद तिच्यात लागलेले होते. एक अर्ज नव्यानं लिहून घेतला, आईचा अंगठा नको, सहीच हवी म्हणाला. आईनं दोन्ही नावांनी सही केली. हौसा लिहिताना तिला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, मूळ कागद ताडून पाहिले आणि पोचपावती दिली. पोस्टानं पाच महिने चाललेलं काम दोन दिवसांत मार्गाला लागलं, पण म्हणून सगळ्यांनी उठून जावं असं मी म्हणणार नाही. आमचे कागद पूर्ण झाल्यावर आम्ही गेलो, म्हणून ते झालं. अपुरी फाईल घेऊन गेला तर बाकावर बसून परत याल. दोघींचं जाणं-येणं, लॉज, रिक्षा धरून ६,४०० रुपये लागले. गुळाची ढेप आईनं शेवटी सुभेदार साहेबांना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

दिवाळीच्या आठवड्यात संघटकांचा फोन आला, पार्ट टू पडला. आईला सांगितलं तेव्हा ती चिरोटे तळत होती. "म्हंजी माजं लगीन झालं का आता?" म्हणाली.

पुढचं स्पर्शवर. दुरुस्त पीपीओ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिसायला लागला, २८ डिसेंबर २०२३ ला पैसे आले. आप्पा गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी एकदम. आकडा लिहीत नाही. आईनं पासबुक देवाजवळून काढलं आणि पहिल्यांदा माझ्या औषधांच्या पावत्या मागितल्या. मी टाकून दिल्यात म्हणून सांगितलं.

ज्यांच्या घरी फौजेतला माणूस हयात आहे, त्यांनी आज संध्याकाळी पीपीओ काढा आणि बायकोचं नाव, जन्मतारीख आधारशी ताडून बघा. फरक असेल तर माणूस स्वतः अर्ज करू शकतो तोवर करून घ्या. त्याच्या एका सहीनं जे होतं त्याला नंतर कोर्ट, पेपर आणि जबलपूर लागतं. माझ्या लग्नात तांदळातलं नाव मी लिहू दिलं नव्हतं. आडनाव मात्र निम्म्या कागदांवर एक आहे, निम्म्यांवर दुसरं. ते काम आता काढलंय.

आणि हयातीचा दाखला विसरू नका. फॅमिली पेन्शनलाही दर वर्षी द्यावा लागतो. गेल्या नोव्हेंबरात आईला केंद्रावर नेलं तर बोटाचे ठसे उमटेनात. शेणगोठ्यात, भांगलणीत झिजलेत. मग केंद्रातल्या पोरानं मोबाईलवरून चेहऱ्यानं करून दिला. आईला म्हणाला, "आजी, कॅमेऱ्याकडं बघा आणि डोळे मिटून उघडा." आईनं डोळे मिटले ते उघडेचनात. पोरगा घाबरला. मी हाक मारली तर म्हणाली, "थांब की. दोगींचं करायचं न्हवं?"